पातळ खळ

एकदा एक शिष्या गुरूच्या दारी गेली ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. हे काही शिकण्याचे वय नव्हे, असे आपण म्हणतो. नातवंडांना चार गोष्टी सांगण्याचे वय, फार तर ज्येष्ठ नागरिक संघात बसून दुसऱ्या कुणाला बोलू न देण्याचे वय. पण या बाईंना संघात रस नव्हता, आणि जी एक नात होती तिचे तोंडही त्यांनी पाहिलेले नव्हते. त्यांचे नाव कुमुदबाई. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि उत्तर चुकलेले त्यांना अजूनही खपत नसे.

गुरूंचे नाव आबा जिनगर. वय ऐंशीच्या पुढे. आबांनी सारी हयात एका ग्रंथसंग्रहालयाच्या बाइंडिंग विभागात काढली होती. उंदरांनी कुरतडलेल्या पोथ्या, वाळवीने चाळण केलेली दप्तरे, घडीवर झिजून दुभंगलेल्या वंशावळी, हे सगळे त्यांच्या हाताखालून गेले. आबा पन्नाशीत असताना जपानहून एक विदुषी जुनी हस्तलिखिते पाहायला काही महिने येऊन राहिली, आणि जाताना आपल्या देशाच्या कागदाने जुने कागद सांधण्याची विद्या आबांच्या हाती ठेवून गेली. पुढे दरवर्षी तिच्याकडून कागदाची एक गुंडाळी पार्सलने येत राहिली. निवृत्तीनंतर आबांनी गावच्या वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. दारावर पाटी होती : ‘जपानी कागदाची हस्तकला. स्वतः करून शिका.’

लोक येत. कुणी दिव्याची शेड करी, कुणी दोऱ्याने शिवलेली वही, कुणी दागिन्यांची डबी, आणि दिवाळी जवळ आली की सगळेच आकाशकंदील करीत. निवृत्त झालेले एक पोलीस हवालदार होते. ते वर्षभर कागदाचे बगळेच करीत आणि प्रत्येक बगळ्याची मान मोडली की आबांकडे तक्रार घेऊन येत. आबा सर्वांना सर्व काही करू देत. त्यांचा नियम एकच, की या कागदाला कात्री लावायची नाही. ओल्या कुंचल्याने एक पाण्याची रेघ ओढायची आणि दोन्ही हातांनी हळूच विलग करायचे. मग कडेला कापसासारखे बारीक तंतू सुटून येतात, आणि ते तंतूच पुढे दुसऱ्या कागदाला धरून ठेवतात. कागद दिसायला कांद्याच्या पापुद्र्यासारखा, पण एका झाडाच्या सालीच्या लांब धाग्यांचा बनलेला. सुका असताना ओढून पाहिले तर भल्याभल्यांना दाद देत नसे.

कुमुदबाई पहिल्या रविवारी आल्या तेव्हा वर्ग संपेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिल्या. सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून आपली जुनी कंपासपेटी काढली आणि आबांपुढे ठेवली. आत ना कर्कटक होते ना कोनमापक. आत एका पत्राचे तुकडे होते.

आबांनी चिमट्याने एकेक तुकडा उचलला आणि काचेवर मांडला. कडेला कड जुळवीत गेले. मांडून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

“सोळा आहेत. सतरावा कुठाय?”

“नाही सापडला.”

“बॉलपेननं लिहिलंय. बरं झालं, पाण्याला भिणार नाही. कुणी फाडलं?”

“फाटलं,” कुमुदबाई म्हणाल्या.

आबांनी त्यांच्याकडे पाहिले. साठ वर्षे ज्याने फाटके कागद पाहिले त्याला झिजलेला कागद कोणता, कुरतडलेला कोणता आणि दोन हातांच्या रागाने फाडलेला कोणता, हे कुणी सांगावे लागत नाही. त्यांनी तुकडे परत पेटीत ठेवले, झाकण लावले आणि कपाटाकडे बोट दाखवले.

“तिथं जुन्या पंचांगांचा ढीग आहे. आधी ती सांधा. हात तयार झाला की मग हे.”

हात तयार व्हायला दोन वर्षे लागली. कुमुदबाईंनी पंचांगांमागून पंचांगे सांधली. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवायला त्या शिकल्या, ती वस्त्रगाळ करायला शिकल्या. खळ वाटीत काढली की आबा कुंचला बुडवून बघत आणि म्हणत, “पातळ करा.” बाई पाणी घालीत. आबा पुन्हा बघत. “अजून पातळ.” एवढी पातळ का, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि बाईंनीही कधी विचारले नाही. गणिताच्या बाईंना रीत माहीत असली म्हणजे पुरे, असे वाटत असावे. वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलांनी त्यांच्याकडून नेमके असेच गणित शिकले होते.

आता ते पत्र कसले, हे सांगायला हवे.

कुमुदबाईंना एकुलती एक मुलगी होती, सुनेत्रा. तिने आईच्या मनाविरुद्ध लग्न केले आणि ती दूर, मराठवाड्यातल्या एका गावी राहायला गेली. आईने दार बंद केले. वर्षभराने सुनेत्राचे पत्र आले. तिला सातवा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी होते, ही आपल्याकडची रीत आहे, आणि मुलगी कितीही दुरावली तरी त्या दिवसांत तिला आईचे घर आठवते. ‘आई, मी बाळंतपणाला घरी येऊ का?’ एवढे तिने पहिल्याच ओळींत विचारले होते. कुमुदबाई उभ्याउभ्या वाचत होत्या. तेवढे वाचले आणि त्यांचा राग मस्तकात गेला. लग्नाला आई लागली नाही, आता लागते! त्यांनी पत्र फाडले. आडवे फाडले, उभे फाडले, पुन्हा फाडले. उत्तर लिहिले नाही. अडीच महिन्यांनी तार नाही, पत्र नाही, एका अनोळखी माणसाचा फोन आला. बाळंतपणात सुनेत्रा गेली होती. तिची तान्ही मुलगी वाचली होती.

त्या दिवशी कुमुदबाईंनी कचऱ्याची टोपली, रद्दीचे गठ्ठे, कपाटाच्या मागची फट, सगळे धुंडाळले. पत्र फाडल्यावर त्यांनी ते टेबलाच्या खणात कोंबले होते, म्हणून सोळा तुकडे मिळाले. सतरावा मिळाला नाही. त्या सोळा तुकड्यांवर त्यांनी एकवीस वर्षे झाकण ठेवले होते.

असे आयुष्यभराचे झाकण एका फोनने उघडते. वर्गाच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात, कुमुदबाईंचा फोन वाजला. पलीकडे एका तरुण मुलीचा आवाज होता. तिने आपले नाव ऋजुता सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. मग म्हणाली, “बाबा म्हणाले, आईनं तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. बाबांनीच ते टपालपेटीत टाकलं होतं. माझ्याकडे आईच्या हातचं काहीच नाही. ते पत्र आहे का अजून?”

“आहे,” कुमुदबाई म्हणाल्या. “जपून ठेवलंय.”

“मी बघायला येऊ का?”

येऊ का. हेच दोन शब्द होते. कुमुदबाईंनी खुर्ची धरली आणि ‘ये’ म्हटले. दसरा झाला की पुढच्या रविवारी येते, असे मुलीने सांगितले.

बाईंनी आबांची परवानगी मागितली. आबा म्हणाले, “करा. हात तयार झालाय तुमचा.” आणि सवयीने पुढे म्हणाले, “खळ पातळ ठेवा.”

पण माणसाचे असे असते की दुसऱ्याच्या पंचांगाला पातळ खळ चालते. स्वतःचे काळीज सांधायचे असले की ती पुरेशी वाटत नाही. कुमुदबाईंनी घरी खळ घट्ट शिजवली. आबांकडून आणलेल्या कागदांपैकी पापुद्र्याचा बाजूला ठेवला आणि जाडसर निवडला. पत्र एका बाजूला लिहिलेले होते. त्याच्या पाठीवर त्यांनी रुंद पट्ट्या लावल्या, काही ठिकाणी दुहेरी. हे पुन्हा कधी सुटायचे नाही, असे त्या प्रत्येक पट्टीबरोबर मनाशी म्हणत होत्या. मग पुढच्या बाजूने, जिथे जिथे फाटल्याची पांढरी रेघ दिसत होती तिथे तिथे त्यांनी चहाच्या पाण्याने कागदाचा रंग जुळवला. अकरा दिवस त्या या कामाला बसल्या. फाटल्याची खूण राहू नये, ही त्यांची जिद्द होती. मुलीने पत्र हातात घ्यावे, वाचावे, डोळे पुसावेत, आणि आजीने हे एकवीस वर्षे जपले म्हणून आजीला एकदा जवळ घ्यावे. त्यांना दुसरे काही नको होते.

राहिली सतराव्या तुकड्याची जागा. ती शेवटच्या ओळीत होती. बोटाच्या नखाएवढे भोक. त्याच्या आधी सुनेत्राने लिहिले होते, ‘तू काहीही म्हणालीस तरी तुझ्यावर माझा राग’ आणि भोकाच्या पुढे, ‘तुझी, सुनेत्रा.’

त्या भोकात दोनच शब्द बसत होते, आणि दोन्ही सारख्याच लांबीचे. ‘आहे’ किंवा ‘नाही’. कुमुदबाईंना आठवायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांनी तिथपर्यंत वाचलेलेच नव्हते. त्या दोन दिवस त्या भोकाकडे बघत बसल्या. मग त्यांनी एक कोरा तुकडा तिथे बसवला. बॉलपेनने लिहून पाहिले तर शाई जुन्या अक्षरांपेक्षा गडद दिसत होती, म्हणून निळा रंग पाण्यात कालवून फिका केला. पत्रात ‘नाही’ हा शब्द आणखी तीन ठिकाणी होता. त्याची वळणे न्याहाळली. फार न्याहाळावी लागलीच नाहीत, कारण सुनेत्राच्या अक्षराला वळण त्यांनीच लावले होते, पाटीवर हात धरून. टाकाच्या टोकाने त्यांनी भोकात शब्द लिहिला. ‘नाही’.

पुढच्या रविवारी, म्हणजे नात येण्याच्या बरोबर एक आठवडा आधी, त्या पत्र घेऊन वर्गात आल्या. सगळे भोवती जमले. “अहो बाई, हे फाटलं होतं? कुठं फाटलं होतं?” हवालदार म्हणाले आणि आपला मान मोडलेला बगळा त्यांनी हळूच पाठीमागे लपवला. कुमुदबाई हसल्या. बऱ्याच वर्षांनी असे त्यांचे कौतुक झाले होते.

आबांनी पत्र हातात घेतले. खिडकीपाशी उजेडाला धरले. डोळे अधू झाले होते, म्हणून मग त्यावरून तर्जनी फिरवली, अगदी हळू, वरून खाली. शेवटच्या ओळीवर बोट थांबले. मग आबांनी टेबलावरचा पसरट ट्रे पुढे ओढला, त्यात तांब्यातले पाणी ओतले आणि पत्र पाण्यात सोडून दिले.

“आबा!” कुमुदबाई ओरडल्या. त्यांनी ट्रेकडे झेप घेतली. आबांनी त्यांचे मनगट धरले. म्हाताऱ्या हाताला एवढी ताकद असेल असे कुणाला वाटले नसते.

“थांबा, बाई. बघा.”

पत्र पाण्याच्या तळाशी स्वस्थ पडले होते. आणि सगळ्यांत आधी, पट्ट्या हलण्याच्याही आधी, शेवटच्या ओळीतून एक फिक्या निळ्या रंगाचा धागा वर आला, पाण्यात पसरला आणि दिसेनासा झाला. ‘नाही’ गेला. त्या जागी ओला कोरा तुकडा राहिला. बाकी सुनेत्राचे एकही अक्षर हलले नाही. एकवीस वर्षांपूर्वी एका गरोदर मुलीने जसे लिहिले तसेच्या तसे ते पाण्याखाली दिसत होते.

कुमुदबाई खाली बसल्या. त्यांना रडू आले नाही. चोरी उघडी पडल्यावर येते तशी लाज आली. आबांनी इतरांना खुणेने घरी जायला सांगितले. जिना वाजत राहिला आणि मग थांबला.

आबा उठून कपाटापाशी गेले आणि एक पंचांगाचे पान घेऊन आले.

“हे पान तुमच्याच हातचं, पहिल्या पावसाळ्यातलं. तेव्हा तुम्ही माझं न ऐकता खळ घट्ट लावली होती. मी बोललो नाही, पान तेवढं ठेवून दिलं. आता बघा. तुमची पट्टी जशीच्या तशी आहे. पण पंचांग पट्टीच्या शेजारी फाटलंय, नव्या जागी. हवेत ओल आली, पट्टी आखडली, तिनं जुन्या कागदाला ओढलं. जुना कागद बिचारा काय करणार? सांधा नेहमी मूळ कागदापेक्षा दुबळा असावा, बाई. ताण यायचा तो येणारच. आला की सांधा सुटावा आणि कागद वाचावा. सुटलेला सांधा पुन्हा घालता येतो. जो सुटतच नाही, तो शेजारचं फाडतो. म्हणून पातळ.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पाठ केलं असतं.”

कुमुदबाई ट्रेकडे बघत राहिल्या. पट्ट्या आता एकेक करून सुटत होत्या.

“आणि तो शब्द?” शेवटी त्यांनी विचारले. “तुम्हाला कसा कळला?”

“बॉलपेननं लिहिलेलं बोटाला लागतं. टोक कागदात रुततं ना. तुमचा शब्द बोटाला लागला नाही.” आबांचा आवाज उतरला. “तो तुमचा शब्द होता, तिचा नाही. तुम्हाला तो किती हवा होता, ते मला कळतं. पण तिच्या पत्रात तुम्ही स्वतःलाच क्षमा लिहून दिलीत. उद्या पोरीनं तोच शब्द उराशी धरला असता आणि कधीतरी तिला खरं कळलं असतं, तर आईचे बाकीचे शब्दही तिनं खरे मानले नसते. तीही घट्ट पट्टीच की.”

“मग तिथं काय ठेवू?”

“कोरा कागद. भोक बुजवायचं. वाक्य पुरं करणं आपलं काम नाही.”

“ती विचारेल, इथं काय होतं म्हणून.”

“विचारणारच,” आबा म्हणाले, आणि ओले तुकडे टिपकागदावर काढू लागले.

पुढचे सात दिवस कुमुदबाईंनी तेच पत्र पुन्हा सांधले. या वेळी पापुद्र्याचा कागद घेतला. पाण्याची रेघ ओढून तो विलग केला, बोरूच्या टोकाएवढ्या अरुंद पट्ट्या केल्या. खळ इतकी पातळ केली की वाटीचा तळ दिसावा. चहाचे पाणी लावले नाही. सांधून झालेले पत्र उजेडाला धरले की फाटल्याच्या सगळ्या रेघा दिसत होत्या, आडव्या आणि उभ्या, आणि शेवटच्या ओळीत नखाएवढी कोरी जागा. कुमुदबाईंना ते बघवत नव्हते. तरी त्यांनी ते तसेच ठेवले.

रविवारी दुपारी ऋजुता आली. उंच, सावळी, कपाळ थेट सुनेत्राचे. कुमुदबाईंनी खुर्ची पुढे केली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. चहा समोर ठेवला, तिने हात लावला नाही. पत्र घेतले. सगळे वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग सहज खिडकीकडे वळून उजेडाला धरले, आणि तिचा चेहरा बदलला.

“हे फाटलंय.”

‘फाटलं’ हा शब्द कुमुदबाईंच्या जिभेवर तयार होता. एकवीस वर्षे तो तयार होता.

“मी फाडलं,” त्या म्हणाल्या.

मुलीने शेवटच्या ओळीतल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

“इथं काय होतं? राग काय?”

“मला माहीत नाही. मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. घरी येऊ का, एवढं वाचलं आणि फाडलं. तो तुकडा हरवला.”

“आणि उत्तर?”

“नाही दिलं.”

ऋजुताने पत्र मांडीवर ठेवले. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, आणि कुमुदबाईंना तोच सहन झाला नाही. “बाबा सांगतात, पोस्टमनची वेळ झाली की आई दारात जाऊन बसायची. पाय सुजलेले असायचे तरी. बाबा म्हणायचे, मी बघतो, तू आत पड. ती म्हणायची, आईचं अक्षर मला लांबूनच ओळखू येतं.”

मुलीने पत्र आपल्या फायलीत ठेवले, चपला घातल्या आणि गेली. वाकून नमस्कार केला नाही, पुन्हा येते म्हणाली नाही. चहावर साय धरली होती. तो कप उचलायला कुमुदबाईंना संध्याकाळ झाली.

त्यानंतर दिवाळी आली, थंडी पडली. फोन आला नाही. कुमुदबाई दर रविवारी माडीवर जात आणि पंचांगे सांधत. आबांना आता जवळचेही दिसत नव्हते. ते खुर्चीत बसून नुसते ऐकत. एकदाच बाई त्यांना म्हणाल्या, “तो शब्द राहू दिला असतात, तर नात तरी राहिली असती माझी.” आबांनी उत्तर दिले नाही. त्यांच्यापाशीही उत्तर होते की नाही कोण जाणे. गुरू झाले म्हणून प्रत्येक दुःखाला त्यांच्यापाशी औषध असते असे नाही, हे त्या हिवाळ्यात बाईंना उमगले, आणि आबांविषयी त्यांना पहिल्यांदाच माया वाटली.

फाल्गुनातल्या एका रविवारी वर्ग भरात असताना जिन्यावर पावले वाजली. दारात ऋजुता उभी होती; घराला कुलूप पाहून ती शेजाऱ्यांना विचारत इथे आली होती. पाटी वाचून आल्यासारखी ती इकडेतिकडे बघत होती. मग कुमुदबाईंच्या टेबलापाशी आली आणि फाईल उघडून तिने पत्र ठेवले. त्याचे दोन भाग झाले होते.

“मी ओढलं,” ती म्हणाली. “परवा आईची तिथी होती. सगळे जेवत होते आणि मला कुणाशी बोलावंसं वाटेना. तुमचा एवढा राग आला की दोन्ही हातांनी धरून ओढलं. मुद्दाम.”

कुमुदबाईंनी पत्र जवळ घेतले. वरून खालपर्यंत, मधल्या उभ्या रेघेवर, सांधा सरळ सुटला होता. दोन्ही कडांना जपानी कागदाचे तंतू लोंबत होते. सुनेत्राचे एकही अक्षर गेले नव्हते. कुठे नवी चीर नव्हती.

“फाटलं नाही,” मुलगी म्हणाली. तिला त्याचे नवल वाटत होते, आणि थोडी लाजही. “मी जीव खाऊन ओढलं, तरी नुसतं सुटलं. लागेल का हे परत?”

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आबांनी हात लांब केला, टेबल चाचपले आणि खळीची वाटी पुढे सरकवली. कुमुदबाईंनी ती आपल्यापुढे घेतली नाही. ती मुलीपुढे ठेवली, शेजारची खुर्ची ओढली आणि कुंचला तिच्या हातात दिला.

ऋजुता बसली. कुंचला बुडवला, वर धरला. त्यावरून पाणी ठिबकावे तशी खळ ठिबकली.

“एवढी पातळ? तुम्ही हिनंच लावलं होतं?” अजून ती ‘तुम्ही’च म्हणत होती. “ही तर परत सुटेल.”

“सुटू दे,” कुमुदबाई म्हणाल्या. “सुटलं की ये. परत लावू.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती पत्रावर वाकली, आणि आईच्या अक्षरांना धक्का लागणार नाही अशा बेताने तिने पहिली पट्टी ठेवली. शेवटच्या ओळीतल्या कोऱ्या जागेपाशी तिचा हात थोडा थबकला, आणि ती जागा तशीच सोडून पुढे गेला.